खिडकीबाहेरचे प्रदूषण, खिडकीआतली हवा

शालेय विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षण करावयास गेले की एक प्रतिकृती हमखास भेटते. पुठ्ठ्याचा कारखाना, त्याच्या धुराड्यातून निघणारा कापसाचा धूर, शेजारी काळ्या रंगाची नदी, आणि मागे तक्ता: ‘वायुप्रदूषण : कारणे व उपाय’. उभे असलेले दोन विद्यार्थी पाठ केलेली माहिती न अडखळता सांगतात. ठाणे जिल्ह्यात, त्यातही डोंबिवली-कल्याण पट्ट्यात, या कारखान्यावर ‘एम.आय.डी.सी.’ अशी पाटी असते. परीक्षक माहिती ऐकतात, मान डोलावतात, गुण देतात. मीही असे गुण अनेकदा दिले आहेत. म्हणून पुढे जी टीका करणार आहे तीत माझाही वाटा आहे, हे आधीच मान्य केलेले बरे.

डोंबिवलीतल्या एका शाळेत श्रावणात भरलेले असेच एक प्रदर्शन आठवते. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात तक्ते भिंतीला चिकटवले होते. बोलता बोलता प्रदूषणाच्या तक्त्याचा वरचा कोपरा सुटला आणि तक्ता लोंबकळू लागला. चिकटपट्टीचा दोष नव्हता. भिंत ओली होती. तक्त्यामागे काळ्या बुरशीचा हातभर डाग होता. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद होत्या आणि साठ-सत्तर माणसे त्या खोलीत घामेजून उभी होती. मी विद्यार्थ्यांना विचारले, ‘‘या खोलीतली हवा कशी आहे?’’ ती दोघे गोंधळली. थोड्या वेळाने एकजण म्हणाला, ‘‘सर, हा प्रश्न आमच्या विषयात नाही.’’

मुलाचे उत्तर प्रामाणिक होते आणि अचूकही. हा प्रश्न खरोखरच आपल्या विषयात नाही. हवेचे शिक्षण देताना आपण तिला खिडकीबाहेर ठेवतो. ज्या हवेत मूल रोज पाच-सहा तास श्वास घेते ती आपल्या पाठात, प्रकल्पात आणि शाळा तपासणीत कोठेच येत नाही. असे का होते, आणि त्यात विज्ञानाच्या कोणत्या चुका दडल्या आहेत, हे या लेखात पाहावयाचे आहे.

बाहेर पाहण्याची सवय

बाहेर पाहण्यात चूक नाही, हे आधी सांगितले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा अतिप्रदूषित ठरलेल्या ४३ क्षेत्रांत डोंबिवलीचे नाव होते. जानेवारी २०१४ मध्ये येथील औद्योगिक भागाजवळ हिरवट पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला. अशा गावातील मुलांनी कारखान्याकडे बोट दाखवले तर ते स्वाभाविकच आहे.

परंतु बोट दाखवणे म्हणजे तपासणे नव्हे. प्रतिकृती तयार करणाऱ्या मुलांनी कारखान्याच्या हवेचे मोजमाप केलेले नसते, आणि ते त्यांना शक्यही नसते. जी हवा त्यांना मोजता आली असती तिच्याकडे मात्र त्यांनी पाहिलेले नसते. आता मोबाइलवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दिसतो आणि अनेक प्रकल्पांत तो आकडा उतरवून घेतलेला असतो. तो आकडा बाहेरच्या मोजणी केंद्राचा आहे. शिवाय भारतातील हा निर्देशांक धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन अशा आठ प्रदूषकांवरून काढतात. माणसाच्या उच्छ्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड त्यांत नाही. म्हणजे निर्देशांक ‘चांगला’ असतानाही वर्गातली हवा वाईट असू शकते.

यात ऋतूंचा एक विरोधाभास आहे. आपल्याकडे बाहेरची हवा सर्वांत स्वच्छ असते ती पावसाळ्यात. पाऊस धूळ धुऊन काढतो आणि समुद्रावरचे वारे जोरात वाहतात. हिवाळ्यात सकाळी थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो, धूर वर जात नाही, आणि बाहेरची हवा सर्वांत घाण असते. वर्गाच्या खिडक्या मात्र आपण जून ते सप्टेंबर बंद ठेवतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ऊन यावे म्हणून सताड उघडतो. कोणत्या दिवशी खिडकी उघडावी याचा निर्णय पाऊस, ऊन आणि आवाज यांच्यावरून होतो. हवेवरून होत नाही.

ऑक्सिजन कमी होत नाही

दुसरी अडचण अधिक खोल आहे, कारण ती शिकवण्यातली आहे. ‘बंद खोलीत गर्दी झाली की गुदमरल्यासारखे का होते?’ या प्रश्नाचे आपल्या वर्गांत चालत आलेले उत्तर असे : श्वसनामुळे ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड हा विषारी वायू वाढतो. पालथ्या पेल्याखाली विझणारी मेणबत्ती मुलांनी पाहिलेली असते, त्यामुळे हे उत्तर पटतेही. पण गणित मांडले की ते टिकत नाही.

७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असा वर्ग घेऊ. त्याचे घनफळ १२६ घनमीटर, म्हणजे १ लाख २६ हजार लिटर. त्यात ५० विद्यार्थी आहेत. बसून लिहिणारे बारा वर्षांचे मूल तासाला ढोबळमानाने १८ लिटर ऑक्सिजन वापरते आणि १५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. खिडक्या-दारे पूर्ण बंद आहेत आणि कोठूनही हवा येत नाही असे समजू. ३५ मिनिटांच्या तासात ५० मुले सुमारे ५२५ लिटर ऑक्सिजन वापरतील. एकूण हवेच्या मानाने हे ०.४ टक्का झाले. हवेतील ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर येईल.

हा फरक किती मोठा? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. फुप्फुसांना मिळणारा ऑक्सिजन जणू ठाण्यात तो १८ टक्क्यांच्या आसपास असावा इतकाच असतो. तरीही सहलीला गेलेली मुले तेथे धावतात, ओरडतात आणि सपाटून जेवतात. तेव्हा २०.५ टक्क्यांत कोणी गुदमरत नाही. मेणबत्तीचे म्हणाल, तर ती १६ टक्क्यांच्या जवळपास विझते. वर्ग तेथवर कधी जात नाही.

कार्बन डायऑक्साइडचे काय? त्याच ३५ मिनिटांत सुमारे ४४० लिटर वायू जमेल. बाहेरच्या हवेत तो आज दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. वर्गात तो ४००० भागांच्या घरात जाईल. म्हणजे जवळजवळ दहापट. पण टक्केवारीत हा आकडा ०.४ टक्का आहे. तो विषबाधा करणारा नाही.

मग गुदमरल्यासारखे वाटते ते कशाने? १९०५ च्या सुमारास जर्मनीत फ्लुग्गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. माणसाला बंद पेटीत बसवले. त्याला बेचैनी वाटू लागल्यावर नळीने बाहेरची ताजी हवा श्वासाला दिली. बेचैनी गेली नाही. पेटीतली तीच ‘वापरलेली’ हवा पंख्याने हलवली, तर मात्र आराम वाटला. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने नळीतून पेटीतली हवा ओढली, तर त्याला काहीच त्रास झाला नाही. पुढे लंडनमध्ये लेनर्ड हिल यांनी असेच प्रयोग केले. निष्कर्ष असा की बेचैनीचे कारण नाकातून जाणारी हवा नसून कातडीभोवतीची हवा आहे. उष्णता आणि दमटपणा यांमुळे घाम वाळत नाही आणि शरीर तापत राहते.

येथे एखादा वाचक विचारील : मग पंखा लावला की प्रश्न सुटला; खिडक्यांची काळजी कशाला? हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. छताचा पंखा एकही लिटर नवी हवा आत आणत नाही. तो आहे तीच हवा फिरवतो. घाम वाळतो, बरे वाटते, आणि हवा जुनीच राहते. दमट वासाची सवय नाकाला काही मिनिटांत होते, हेही आपण जाणतोच. म्हणून बरे वाटणे ही हवा चांगली असल्याची खूण नाही. खूण दुसरी शोधावी लागते.

कार्बन डायऑक्साइड कशासाठी मोजायचा?

ती खूण मॅक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली दिली. त्यांचे म्हणणे असे की खोलीतील कार्बन डायऑक्साइड स्वतः अपायकारक नसला तरी तो माणसांच्या फुप्फुसांतून आलेला असतो; तो जितका जास्त, तितकी आतली हवा दुसऱ्याने आधी वापरलेली. दर हजार भागांत एक भाग, म्हणजे दहा लाखांत एक हजार, ही त्यांनी सुचवलेली मर्यादा आजही व्यवहारात वापरतात. १८८७ साली कार्नेली, हॉल्डेन आणि अँडरसन यांनी स्कॉटलंडमधील डंडी शहरातील घरे आणि शाळा यांची हवा तपासून प्रसिद्ध केली. कार्बन डायऑक्साइडबरोबर त्यांनी हवेतील सूक्ष्मजीवही मोजले. म्हणजे शाळेच्या वर्गातली हवा हा संशोधनाचा विषय होऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत.

‘दुसऱ्याने वापरलेली हवा’ ही केवळ किळसेची बाब नाही. क्षयाचे जंतू, गोवराचे व करोनाचे विषाणू उच्छ्वासातील सूक्ष्म थेंबांबरोबर हवेत तरंगत राहतात. तैवानमधील तैपेई येथील एका विद्यापीठात क्षयाचा उद्रेक झाला. तेथील कोंदट वर्गांत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ३२०० भागांपर्यंत गेलेला आढळला. वायुवीजन सुधारून तो १००० च्या खाली आणला आणि उद्रेक थांबला. रुग्णांचा शोध आणि उपचार तेथे चालूच होते. तरी ते सारे जमेस धरूनही वायुवीजनाचा वाटा फार मोठा ठरला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. क्षय ज्या देशात अजून घरोघरी ठाऊक आहे, तेथील शिक्षकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या वर्गासाठी उलटे गणित करू. ५० मुलांचा कार्बन डायऑक्साइड १००० भागांच्या खाली ठेवायचा तर तासाला सुमारे १३०० घनमीटर नवी हवा लागते. म्हणजे वर्गातली सर्व हवा तासातून दहा वेळा, दर सहा मिनिटांनी, बदलली पाहिजे. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. समोरासमोरच्या भिंतींत दीड-दीड चौरस मीटर उघडी जागा असेल, तर सेकंदाला पाव ते अर्धा मीटर वेगाची झुळूक पुरते. आपण चालतो त्याच्या निम्म्याहूनही कमी वेग. उदबत्तीचा धूर जेमतेम कलतो, एवढाच हा वारा. महागडे यंत्र लागत नाही. लागतात त्या दोन बाजूंच्या उघड्या खिडक्या.

आणि त्याच नसतात. जुन्या शाळांत दाराच्या वर आणि छताजवळ झरोके असत. ते कोठे फळीने बंद झाले, कोठे त्यांत सामान ठेवले गेले. लाकडी खिडकीच्या दोन्ही झडपा पूर्ण उघडत. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या. सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धी बंदच राहते. ‘डिजिटल वर्ग’ झाला की पडद्यावरचे चित्र दिसावे म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागतात. हवेच्या धड्याची चित्रफीत दाखवण्यासाठी हवा बंद करावी लागते, यातला विनोद आपल्या लक्षात येत नाही.

ओल : उसना सल्ला आणि आपला पाऊस

आता भिंतीकडे वळू. ओल आणि बुरशी यांवरचा जो सल्ला पुस्तकांतून मिळतो तो बहुधा थंड देशांतला असतो : ‘‘खिडक्या उघडा, खोली कोरडी होईल.’’ तेथे तो बरोबर आहे. ५ अंश सेल्सिअसची बाहेरची हवा पूर्ण संपृक्त असली तरी तिच्यात घनमीटरमागे सुमारे ७ ग्रॅमच बाष्प असते. ती आत येऊन २० अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत उतरते आणि ती भिंतीतला ओलावा शोषून नेते.

जुलैतल्या ठाण्यात काय होते? २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरच्या हवेतच घनमीटरमागे २३ ग्रॅम बाष्प आहे. संपृक्त व्हावयास तिला आणखी चारच ग्रॅम पुरतात. आपल्या १२६ घनमीटरच्या वर्गात हा मोकळा वाव फक्त अर्धा किलो पाण्याचा आहे. मूल श्वासातून आणि घामातून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी बाहेर टाकते. ५० मुले दोन किलो. वर्ग बंद असेल तर हा वाव पाव तासात संपतो. त्यानंतरचे पाणी भिंती, वह्या, दप्तरे आणि कपडे शोषून घेतात. (प्रत्यक्षात खोली थोडी तापते आणि भिंती आधीपासूनच पाणी शोषू लागतात, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे, पण दिशा हीच.)

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, पावसाळ्यात खिडकी उघडल्याने भिंत वाळणार नाही. पण मुलांनी टाकलेले बाष्प बाहेर जाईल, म्हणून ती उघडलीच पाहिजे. दुसरी, भिंत ओली असेल तर पाणी कोठून येते हे शोधण्यावाचून गत्यंतर नाही. बुरशीला पृष्ठभागाजवळ ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता काही दिवस मिळाली की पुरते. त्यामुळे कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात चामड्याच्या पट्ट्यावर आणि पुस्तकांच्या बांधणीवर बुरशी येणारच. ती हवेची ओल. पण एकाच भिंतीवर एकाच जागी डाग असेल, तर ती गळतीची ओल. या दोहोंची गल्लत करून आपण सगळा दोष ‘पावसाळा आहे, चालायचेच’ या वाक्यावर टाकतो.

कोणती बुरशी आहे हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळा हवी, असाही एक समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत बुरशीच्या बीजाणूंची सुरक्षित मर्यादा दिलेली नाही. ओलसर इमारतींत राहणाऱ्यांत खोकला, दमा आणि श्वसनाच्या इतर तक्रारी अधिक आढळतात. म्हणून ओल दिसली की ती दूर करा, असा त्यांचा आशय आहे. डोळे, नाक आणि पेन्सिल एवढी साधने सुरुवातीस पुरेशी आहेत.

पेन्सिल यासाठी की डागाच्या कडेने रेघ मारून तारीख घालावी. दर सोमवारी हे करावे आणि शेजारी त्या आठवड्याचा पाऊस लिहावा. पावसानंतर काही तासांत किंवा दिवसात डाग पसरत असेल, तर पाणी गच्चीतून किंवा वाऱ्याकडच्या भिंतीतून झिरपते. आठवडाभर उघाडी असूनही डाग तसाच राहत असेल, तर वरच्या मजल्यावरील स्वच्छतागृह किंवा नळाची वाहिनी तपासावी. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत आडवा पट्टा असेल, गिलाव्याचे पोपडे सुटत असतील आणि पांढरा लोणा दिसत असेल, तर ते केशाकर्षणाने पायातून चढणारे पाणी. (२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या सखल भागांत तळमजले बुडाले होते, अशा जुन्या पूररेषेचा डाग वेगळा ओळखावा.) शंका राहिली तर वीतभर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब आतल्या बाजूस जमले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूस जमले तर हवेतून.

आता आपल्या दुरुस्तीच्या वेळापत्रकाकडे पाहा. शाळा रंगवली जाते मे महिन्यात. तेव्हा भिंत कोरडी असते, डाग फिकटलेला असतो. त्यावर ऑइलपेंटचा थर बसतो. जूनमध्ये पाणी पुन्हा येते. रंगामागे अडकते आणि फुगे धरते. दुखणे दिसते तेव्हा दुरुस्ती करता येत नाही, आणि दुरुस्ती करता येते तेव्हा दुखणे दिसत नाही. या दोन महिन्यांमधला दुवा म्हणजे नोंद. ती कोणाकडेच नसते, म्हणून दरवर्षी तीच भिंत रंगते.

नियम काय विचारतात?

राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी दारे सोडून इतर उघड्या जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एकषष्ठांश असाव्यात, असे म्हटले आहे. आपल्या ४२ चौरस मीटरच्या वर्गाला ७ चौरस मीटर खिडक्या हव्यात. सरकत्या काचांच्या खिडक्यांत चौकटीचे माप घेऊन समाधान मानले, तर फसगत होते. वारा उघडी जागाच मोजतो. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येण्याजोगी असावी, शिक्षकामागे एक वर्गखोली, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण आणि कुंपण असावे, असे सांगितले आहे. त्या यादीत पाणी आहे, हवा नाही. जे विचारले जात नाही ते भरले जात नाही, आणि जे भरले जात नाही त्यासाठी निधी मागता येत नाही. शिक्षकांना याचा अनुभव निराळा सांगावयास नको.

मग प्रकल्प कसा असावा?

१९९३ पासून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने एक चांगला दंडक घालून दिला : प्रश्न परिसरातला असावा, आणि मुलांनी स्वतः निरीक्षण करून उत्तर शोधावे. तो दंडक आपल्या वर्गाला लावू.

दोन तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्यावर ओली सुती वात गुंडाळली की ओला-कोरडा तापमापक झाला. तास सुरू होताना आणि संपताना दोन्ही वाचावेत. कार्बन डायऑक्साइडसाठी एक जुनी रीत आहे. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात एक दशांश ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाकावेत. द्रावण गुलाबी होते. त्यातले १० मिलिलिटर परीक्षानळीत घेऊन ५० मिलिलिटरच्या पिचकारीने नळीवाटे सावकाश हवा सोडावी आणि रंग जाईपर्यंत किती पिचकाऱ्या लागल्या ते मोजावे. आधी मैदानात, मग तासाच्या शेवटी वर्गात. वर्गात जितक्या कमी पिचकाऱ्या लागतील तितका वायू जास्त. आकडा ढोबळच येईल, पण खिडक्या बंद असतानाचा आणि उघड्या असतानाचा फरक लपणार नाही. पिचकारी हातभर लांब धरावी, नाहीतर आपलाच उच्छ्वास मोजला जाईल. शाळेने यंत्र विकत घेतले तर एक सावधगिरी : स्वस्त यंत्रांपैकी काही कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज दाखवतात. अवरक्त किरणांवर चालणारे यंत्र घ्यावे.

मग खिडक्यांचे प्रयोग. झड पश्चिमेकडून येत असेल तर पूर्वेच्या खिडक्या आणि व्हरांड्याचे दार उघडे ठेवून काय होते? मधल्या सुट्टीत दहा मिनिटे सर्व उघडले तर पुढच्या तासाची सुरुवात कोणत्या आकड्याने होते? दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत दुपारच्या तुकडीला सकाळच्या तुकडीची हवा मिळते का? औद्योगिक भागाजवळच्या शाळेत रसायनांचा वास आला की खिडक्या मिटाव्याच लागतील. तेव्हा वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी, आणि वास गेला की खिडक्या उघडाव्यात. बाहेरच्या प्रदूषणाविषयी मुलांनी स्वतः केलेली ती पहिली नोंद असेल. पुठ्ठ्याच्या कारखान्यापेक्षा तिचे मोल अधिक आहे.

मुख्याध्यापकांना हे रुचेल का, अशी शंका शिक्षकांना येईल. भिंतीवरचा डाग प्रदर्शनात मांडणे म्हणजे शाळेची बदनामी, असे कोणी म्हणेल. पण चार महिन्यांच्या तारखा घातलेल्या रेघा, पावसाचे आकडे आणि प्लॅस्टिकच्या तुकड्याचा निकाल हे कागद मे महिन्यात कंत्राटदारापुढे ठेवले, तर रंगाऐवजी गच्चीच्या दुरुस्तीवर पैसे खर्च होतील. संस्थेचेच पैसे वाचतील. तक्रार आणि नोंद यांत हाच फरक आहे.

पुढच्या श्रावणात पुन्हा कोठल्या तरी वर्गात प्रदर्शन भरेल. परीक्षक म्हणून मी कारखान्याच्या प्रतिकृतीपाशी थांबेनच. पण आता दुसरा प्रश्नही विचारणार आहे : तक्ता काढा, मागची भिंत दाखवा. तेथे पेन्सिलीच्या चार रेघा आणि चार तारखा असतील, तर पहिले गुण त्यांना.